अडखळणाऱ्या मोटारसायकलीचे निदान

एरवी सुरळीत चालणारी मोटारसायकल उजवी मूठ पिळताच क्षणभर श्वास कोंडल्यासारखी थबकते, एक हिसका देते आणि मग भानावर आल्यासारखी पुढे धावते. हा अनुभव ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांना नवा नाही. मोकळ्या रस्त्यावर हा दोष केवळ त्रासदायक वाटतो. परंतु काळा घोड्याच्या चौकात सिग्नल सुटला आहे, मागून शहर-बस येत आहे, पाठीमागे शाळेला निघालेले मूल बसले आहे, आणि नेमक्या त्या वेळी एंजिनाने दगा दिला, तर तो एक क्षण फार मोठा ठरतो. म्हणून या दोषाचा विचार केवळ हौसेचा नाही, तर अगत्याचाही आहे, असे आम्हांस वाटते.

कार्ब्युरेटर हे यंत्र आता इतिहासजमा होऊ लागले आहे. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात बी.एस. ६ हे प्रदूषणविषयक निर्बंध लागू झाले. त्यानंतर निघालेल्या जवळजवळ सर्व दुचाकींत कार्ब्युरेटरची जागा विजेवर चालणाऱ्या इंधन-फवाऱ्याने घेतली. परंतु घरातील गाडी सरकारी नियमाबरोबर बदलत नाही. बडोद्याच्या पोळांतून हिंडून पाहावे. १९८५ ते १९९६ या काळात निघालेली यामाहा आर.एक्स. १००, म्हैसूरच्या कारखान्यातली येझदी, फरीदाबादचा राजदूत, मद्रासेत १९५५ पासून तयार होऊ लागलेली बुलेट, यांपैकी एखादी तरी ओट्याला टेकून उभी दिसेल. कोणाच्या आजोबांची आठवण म्हणून ती जपलेली असते, तर कोणाचे पोटच तिच्यावर चालते. त्यात ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला महापूर आला. मगरी रस्त्यावर आल्याची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. पण तीन-तीन दिवस गढूळ पाण्यात बुडून राहिलेल्या दुचाकींची छायाचित्रे कोणी फारशी काढली नाहीत. त्यांतल्या पुष्कळ गाड्या पुढे सुरू झाल्या खऱ्या, परंतु अडखळू लागल्या.

दुखण्याचे निदान करावयाचे तर शरीराची रचना प्रथम ठाऊक हवी. एंजिनात पेट्रोल जळते ते द्रवरूपात नव्हे. हवेत मिसळलेल्या सूक्ष्म तुषारांच्या रूपात. एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. आकारमानाने पाहिले तर एक लिटर पेट्रोलास जवळजवळ नऊ हजार लिटर हवा! इतक्या विषम भागीदारांचा संसार जमवून देण्याचे काम कार्ब्युरेटर करतो. त्यामागील तत्त्व आपल्या पाठ्यपुस्तकातलेच आहे. वाहता प्रवाह अरुंद जागेतून जाताना त्याचा वेग वाढतो आणि दाब घटतो. हे डॅनियल बर्नुली याने १७३८ साली मांडले आणि व्हेंच्युरी या इटालियन शास्त्रज्ञाने १७९७ साली नळ्यांवरील प्रयोगांनी पुढे नेले. केशकर्तनालयातील पाण्याचा फवारा आपण पाहतोच. हंगेरीतील बांकी आणि चोंका या दोघांना असाच एक फवारा फुलांवर पाणी शिंपडताना पाहून कार्ब्युरेटरची कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. कथेचे काहीही असो, त्यांनी १८९३ साली आपला कार्ब्युरेटर सिद्ध केला. आणि त्याच वर्षी जर्मनीत मायबाख यानेही फवाऱ्याचा कार्ब्युरेटर तयार केला.

जुन्या मोटारसायकलीच्या कार्ब्युरेटरची रचना साधी असते. खाली एक वाटी, तिच्यात पेट्रोल. त्यावर तरंगणारा फ्लोट पेट्रोलची पातळी चढली की वर उचलला जातो आणि एका अणकुचीदार झडपेने आवक बंद करतो. घराच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीत जी युक्ती असते तीच ही. वाटीच्या वर आडवी नळी. तिच्यातून एंजिन हवा ओढून घेते. या नळीत वरून खाली एक पंचपात्रीसारखा गोल तुकडा सरकतो, त्यास स्लाइड म्हणतात. मूठ पिळली की केबलीने स्लाइड वर उचलली जाते व हवेचा मार्ग मोकळा होतो. स्लाइडच्या पोटातून एक निमुळती सुई खाली लोंबते. स्लाइड वर गेली की सुईही वर जाते आणि सुईच्या बारीक होत गेलेल्या टोकाभोवतीची वाट रुंदावून अधिक पेट्रोल वर येते. वाटीच्या तळाशी पितळेची दोन छिद्रयुक्त जेट्स असतात. लहानाला पायलट जेट म्हणतात, मोठ्याला मेन जेट.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. हे सर्व भाग एकाच वेळी सारखे काम करीत नाहीत. मूठ किती उघडली आहे यावर कोणाची पाळी ते ठरते. मूठ बंद असता व पहिल्या अष्टमांशापर्यंत सत्ता पायलट जेटची आणि बाजूच्या हवेच्या स्क्रूची. तेथून पावापर्यंत स्लाइडच्या खालच्या कडेस दिलेल्या तिरक्या कापाची. पावापासून पाऊण मुठीपर्यंत सुईची. आणि पाऊणच्या पुढे मेन जेटची. या सीमा शेतांच्या बांधांसारख्या काटेकोर नसतात, एकमेकींत थोड्या शिरतात. तरी निदानास त्या पुरेशा आहेत. म्हणून मुठीवर पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण अशा खुणा कराव्यात, शेजारच्या स्थिर भागावर एक रेघ ओढावी, आणि गाडी कोणत्या खुणेवर अडखळते ते पाहावे. बरेच कारागीर कानाने ओळखतात. परंतु ज्याचा कान तयार नाही त्यास ही पट्टी वैद्याच्या तापमापकासारखी उपयोगी पडते. कलाशाखेची पदवी घेतलेल्या आमच्यासारख्यालाही ती वाचता येते, यातच तिची योग्यता आली.

मूठ एकदम पिळली तरच अडखळणे का जाणवते, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारील. त्याचे उत्तर हवा व पेट्रोल यांच्या वजनात आहे. स्लाइड झटक्याने वर गेली की हवा हलकी असल्यामुळे तत्काळ आत धावते. पेट्रोल जड, त्यास गती घेण्यास किंचित वेळ लागतो. शिवाय मार्ग एकाएकी रुंदावल्याने हवेचा वेग व त्याबरोबर ओढही घटते. परिणामी एक क्षणभर हवा जास्त व पेट्रोल कमी असे पातळ मिश्रण एंजिनात जाते. सुस्थितीतल्या गाडीत हा क्षण ध्यानातही येत नाही, कारण खालच्या टप्प्यांत पेट्रोल मुद्दामच किंचित जास्त सोडण्याची योजना असते. १९९९ साली आलेल्या हिरो होंडा सी.बी.झेड. या गाडीत तर मूठ झटक्याने उघडताच पेट्रोलची एक चिळकांडी मारणारा छोटा पंपच बसविला होता. जुन्या गाड्यांना असा पंप नाही. त्यांची ती थोडीशी शिल्लक कोणत्याही कारणाने नाहीशी झाली, जेटमध्ये कण अडकला, कोठून जास्तीची हवा शिरली, वाटीतली पातळी उतरली, की तो लपलेला क्षण उघडा पडतो.

येथे एक इशारा दिला पाहिजे. गाडी अडखळली की कार्ब्युरेटर खोलावयाचा, ही आपल्याकडे रूढीच पडली आहे. ‘कार्ब्युरेटरमध्ये कचरा आला’ हे वाक्य बडोद्याच्या प्रत्येक नाक्यावर, मराठीत आणि गुजरातीत, सारख्याच आत्मविश्वासाने ऐकू येते. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु कार्ब्युरेटर खोलण्यापूर्वी ज्या गोष्टी पाहावयास पाच मिनिटेही लागत नाहीत त्या आधी पाहाव्यात. मुठीच्या केबलीस दोन-तीन मिलिमीटर ढिलाई आहे का, की ती अडकत चालते? हवेचा फिल्टर धुळीने वा तेलाने बुजला आहे का? पेट्रोलची नळी कार्ब्युरेटरपाशी काढून बाटलीत धरली असता धार अखंड येते, की थेंबथेंब? कार्ब्युरेटर व एंजिन यांच्यामधील रबराच्या गळ्यास चीर गेली आहे का? या शेवटच्यासाठी सोपी परीक्षा अशी : एंजिन मंद चालू ठेवून त्या सांध्यावर ब्रशाने साबणाचे पाणी लावावे. चीर असेल तर पाणी आत ओढले जाते व एंजिनाचा सूर बदलतो. काही जण हीच परीक्षा पेट्रोल शिंपडून करतात. ती तापलेल्या एंजिनावर आगीला निमंत्रण आहे; कोणीही करू नये. पेट्रोलशी संबंधित कोणतेही काम मोकळ्या हवेत, एंजिन थंड असता आणि घरातील मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे.

ठिणगीचा संशयही याच वेळी फेडून घ्यावा. मूठ उघडली की सिलिंडरात अधिक मिश्रण भरते, त्यातील दाब वाढतो आणि दाबलेल्या वायूतून ठिणगी उडविण्यास अधिक विद्युत्दाब लागतो. मंद चालताना जी अशक्त ठिणगी कशीबशी निभावून नेते, ती या वेळी हार खाते. म्हणून झिजलेला प्लग, काजळलेले काँटॅक्ट पॉइंट, बिघडलेला कंडेन्सर यांच्यामुळेही गाडी हुबेहूब कार्ब्युरेटरच्या दोषासारखीच अडखळते. फरक असा की ठिणगीच्या दोषात गाडी तडकाफडकी, वीज गेल्या-आल्यासारखी तुटते. इंधनाच्या दोषात ती दबते, गुदमरते, आणि मग हळूहळू सावरते. बिघडलेला कंडेन्सर बहुधा एंजिन तापल्यावर त्रास देतो आणि थंड झाले की साळसूद बनतो, हेही ध्यानात ठेवावे. एकदा नवा प्लग घालून पाहणे हा सर्वांत स्वस्त प्रयोग.

एवढे झाल्यावर कार्ब्युरेटरकडे वळावे. पण तेव्हाही स्क्रू-ड्रायव्हर हाती घेण्याआधी एक प्रश्न सोडवावा : पेट्रोल कमी पडते की जास्त होते? चोक किंचित ओढून गाडी चालवून पाहावी. चोकामुळे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. अडखळणे कमी झाले तर पेट्रोल कमी पडत होते. वाढले तर आधीच जास्त होते. कमी पडत असेल तर कार्ब्युरेटरमधून उलटा फटका ऐकू येतो, मूठ सोडल्यावरही एंजिनाचा वेग लवकर उतरत नाही, आणि प्लगाचे टोक भुरकट पांढरे दिसते. जास्त होत असेल तर धूर काळा, प्लग काजळी धरलेला, आणि एंजिन तापल्यावर दोष अधिकच बळावतो. निरोगी प्लगाचा रंग विटकरीकडे झुकणारा तपकिरी. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलबरोबर तेलही जळत असल्याने प्लग थोडा ओलसर काळपट असणारच. त्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. त्याच गाड्यांत सायलेन्सर आतून कार्बनने बुजला म्हणजेही एंजिन गुदमरते, आणि बिचाऱ्या कार्ब्युरेटरवर विनाकारण बालंट येते.

गेल्या वर्षातील एक प्रत्यक्ष उदाहरण देतो. आमच्या वर्गातील एका विद्यार्थिनीची आई कारेलीबागेतून मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत दुपारचे डबे पोहोचविते. वाहन म्हणजे एक जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल. कुटुंबातील एकुलते एक. पुरात ती बुडाली, नंतर साफ करून सुरू झाली, पण वाटेत अडखळू लागली. एकाने कचरा काढला, दुसऱ्याने नवा कार्ब्युरेटर बसविला, तिसऱ्याने एंजिन पूर्ण खोलावे लागेल असे सांगून जो आकडा ऐकविला तो दोन महिन्यांच्या मिळकतीहून मोठा होता. एके दिवशी लालबागच्या पुलावर चढताना गाडी दबली आणि मागून येणारा टेंपो अगदी अंगाशी येऊन थांबला. त्या रात्री गाडी भंगारात देण्याचे घरात जवळजवळ ठरले. ती गेली असती तर डबे गेले असते, आणि डबे गेले असते तर मुलीचे शिकणे कसे चालले असते ते आम्ही येथे सांगत बसत नाही.

मुलीने आमच्या सांगण्यावरून एक वही घातली. रोज गाडी कोठे अडखळली, मुठीची खूण कोणती होती, एंजिन थंड होते की गरम, टाकीत पेट्रोल किती होते, आणि त्या दिवशी आणखी काय घडले, एवढेच तिने आईला विचारून लिहावयाचे. नऊ दिवसांची ती नोंद पाहण्यासारखी होती. घरून निघताना गाडी ठीक असे. टाकी अर्धी असता ती पाच-सहा किलोमीटरवर, लालबागच्या आसपास दबू लागे. परंतु ज्या दोन दिवशी टाकी काठोकाठ भरली होती त्या दिवशी दीड-दोन किलोमीटरवरच दबली. आईचा समज असा की पंपावरचे पेट्रोल वाईट. वहीत आणखी एक ओळ होती : ‘आज पेट्रोल किती उरले ते पाहण्यासाठी आईने झाकण उघडले. मग गाडी मकरपुऱ्यापर्यंत नीट गेली.’

ही ओळ वाचली आणि कोडे सुटले. पेट्रोल टाकीतून खाली उतरते ते केवळ आपल्या वजनाने. जेवढे उतरते तेवढी हवा टाकीत यावी म्हणून झाकणात एक सूक्ष्म छिद्र ठेवलेले असते. पुराचा गाळ सुकून ते छिद्र बंद झाले होते. हवा आत येईना. टाकीतील कोंडलेल्या हवेचे आकारमान वाढू लागले आणि बॉइलच्या नियमाप्रमाणे तिचा दाब घटू लागला. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची उंची वीत-दीड वीत. तेवढ्या पेट्रोलचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे पन्नासाव्या भागाएवढा. त्यामुळे आतली हवा थोडीशी प्रसरण पावताच धार क्षीण होते. टाकी भरलेली असताना आत हवा अगदी कमी. थोडे पेट्रोल उतरले तरी तिचे आकारमान प्रमाणाने फार वाढते, म्हणून दोष लवकर प्रकट होतो. टाकी अर्धी असताना कोंडलेली हवा भरपूर, म्हणून दोष उशिरा. इयत्ता आठवी-नववीत पाठ केलेला नियम रोज दुपारी लालबागच्या पुलावर गाडी अडवीत होता! झाकण धुऊन, टाचणीने छिद्र मोकळे केल्यावर वाटेतले दबणे त्याच दिवशी थांबले. खर्च शून्य.

तथापि रोगी पुरता बरा झाला नव्हता. सिग्नलवरून निघताना, मुठीच्या पहिल्याच खुणेपाशी, एक लहानसा हिसका अजून बसत होता. छिद्राच्या मोठ्या दोषाखाली हा लहान दोष आजवर झाकला गेला होता. जुन्या यंत्रांत असे वारंवार घडते. दोन दुखणी एकमेकांची लक्षणे पांघरून बसतात, आणि म्हणूनच एका वेळी एकच गोष्ट बदलावी, असा आमचा आग्रह आहे. चोक अर्धा ओढला की हिसका नाहीसा होई. म्हणजे पेट्रोल कमी. आणि पहिल्या अष्टमांशात, म्हणजे पायलट जेटमध्ये. वाटी उतरविली तेव्हा तळाशी पांढरी भुकटी व त्यावर काचेच्या मण्यांसारखे पाण्याचे दोन-चार थेंब दिसले. टाकीच्या तळाशी राहिलेले पुराचे पाणी थोडेथोडे खाली येत होते, आणि कार्ब्युरेटरच्या धातूशी त्याची झटापट होऊन ती भुकटी बनत होती. नवा कार्ब्युरेटर बसविल्याने काही साधले नाही ते यामुळे. झरा वर टाकीत होता. टाकी रिकामी करून दोनदा पेट्रोलने खळबळून घेतली, पेट्रोलच्या कॉकमधील जाळी धुतली, पायलट जेट काढून हवेच्या जोरदार झोताने साफ केले. जेटमध्ये तार घालू नये. पितळ मऊ असते. छिद्र केसभर रुंदावले तरी माप कायमचे बिघडते. कारागीर तार घालताना दिसला तर त्यास नम्रपणे पण निश्चयाने थांबवावे.

पाण्याच्या या प्रश्नाला हल्ली एक नवे अंग फुटले आहे. आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले जाते. २०२५ साली त्याचे प्रमाण देशभर वीस टक्क्यांपर्यंत पोहोचले. ऊस व धान्य यांपासून मिळणारे हे इंधन आयात तेलावरचा भार हलका करते, हे खरे. परंतु त्यास जळण्यास हवा कमी लागते, एका किलोग्रॅमास सुमारे नऊच किलोग्रॅम. त्यामुळे शुद्ध पेट्रोलसाठी मापलेल्या जुन्या जेटांतून हे मिश्रण गेले की एंजिनास ते सात-आठ टक्के पातळ पडते, आणि जी थोडीशी शिल्लक वर सांगितली ती बरीचशी येथेच खर्च होते. दुसरे असे की इथेनॉलला पाण्याची ओढ आहे. थोडे पाणी ते स्वतःत विरघळवून घेते. मर्यादा ओलांडली की पाणी व इथेनॉल मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाशी थर धरतात. कॉकचे तोंडही तळाशीच! वाटीतील इंधन काचेच्या बाटलीत ओतून पंधरा मिनिटे स्थिर ठेवावे. थर दिसला तर जेटांशी झटापट व्यर्थ आहे, आधी टाकी रिकामी करावी. जुन्या गाड्यांचे रबर अशा इंधनासाठी बनविलेले नव्हते. नळ्या व वॉशर फुगले, चिरले तर ते बदलणे भाग आहे.

पुराच्या पाण्यातून निघालेली गाडी हौसेने किक मारून पाहू नये, हेही ओघाने सांगतो. सिलिंडरात पाणी असेल तर दट्ट्या, म्हणजे पिस्टन, त्यावर आपटतो. पाणी हवेसारखे दबत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकण्याचा धोका असतो. प्रथम प्लग काढावा, मगच किक हळूहळू फिरवून पाणी बाहेर जाऊ द्यावे. मग टाकी, वाटी, हवेचा फिल्टर आणि एंजिनाचे तेल यांची पाळी.

सफाईनंतर जुळवणी. हवेचा स्क्रू जर स्लाइडच्या फिल्टरकडील बाजूस असेल तर तो हवा नियंत्रित करतो. आत फिरविला की हवा कमी होऊन पेट्रोलचे प्रमाण वाढते. एंजिनाच्या बाजूस असेल तर बहुधा उलट. अलगद शेवटपर्यंत आत नेऊन दीड फेरा बाहेर काढावा, एंजिन चांगले तापू द्यावे, आणि मग पाव-पाव फेऱ्याने फिरवून एंजिन सर्वांत जलद व एकसुरी चालेल तेथे ठेवावा. अडखळणे अर्ध्या मुठीच्या आसपास असेल तर सुईकडे पाहावे. सुईच्या माथ्याशी खाचा असतात, बहुधा पाच, आणि त्यांपैकी एकीत चिमुकली क्लिप. क्लिप एक खाच खाली सरकविली की सुई वर उचलली जाते व पेट्रोल वाढते. एका वेळी एकच खाच. पाऊण मुठीच्या पुढे दम तुटत असेल तर मेन जेट किंवा पेट्रोलची अपुरी आवक. त्यातही आवक आधी तपासावी.

एक दोष मात्र सफाईने वा जुळवणीने जात नाही. वर्षानुवर्षे वरखाली सरकून स्लाइड व तिचे घर झिजते, त्यांच्या फटीतून हिशेबाबाहेरची हवा शिरते, आणि मंद चालताना एंजिनाचा वेग कधी चढतो कधी उतरतो. एंजिन बंद असता स्लाइडला बोटाने हलकेच ढकलून पाहिले तर ती खुळखुळते. नवी स्लाइड घालून काम भागले तर उत्तम. घरच झिजले असेल तर कार्ब्युरेटर बदलावा लागतो. अशा वेळी जुना कार्ब्युरेटर दुकानातच सोडून येऊ नये. नव्या नकली कार्ब्युरेटरमधील जेटांवर कोरलेले आकडे आणि जुन्या जेटांवरील आकडे ताडून पाहावेत. पुष्कळदा ते जुळत नाहीत, आणि जुनी, मूळ मापाची पितळी जेट्स स्वच्छ करून नव्या कार्ब्युरेटरमध्ये बसविली की गाडी पूर्वीसारखी चालू लागते.